त्या सकाळी तुमची पाळी नव्हती

वन्सं, त्या सकाळी तुमची पाळी नव्हती. पाळी कसली, ताप येऊन कैक वर्षं लोटली होती. अंग माठासारखं गार. तरी तुम्ही गेलात. मी अजून चहाचं फडकं हातात धरून चुलीपुढं बसल्यासारखीच आहे. कुणी हाक मारली की उठते आणि उठल्यावर कळत नाही कशाला उठले.

झालं तरी काय? खानापूरच्या गाडीला जायचं म्हणून तुम्ही लवकर न्हालात, ठेवणीतलं निळं शहापुरी लुगडं घडीवरच राहू दे, गाडीत बसताना नेसते म्हणालात. गाठोडं काखेला मारून परसातनं येताना न्हाणीच्या पायरीवर पाय निसटला आणि डावी कूस दगडी डोणीच्या कडेला लागली. मी धावले. तुम्ही बसल्या जागी हसत होता.

"पडले गं चंद्रे. सासरी जायची घाई बघ म्हातारीला."

मी म्हटलं, "डोण फुटली न्हाय न्हवं?"

"च्या टाक. बडबड नको."

टाकला. पाठीमागनं तुमचा आवाज आला, "लागलं कुशीला आणि दुखतोय खांदा. असं कसं गं?" मी वळून बघितलं तर तोंड राखेसारखं. चहा उतू गेला, चूल विझली, आणि भावजींना बोलवायला माणूस गल्लीच्या तोंडाशी पोचला नसेल तोवर तुम्ही नव्हता.

इतकंच. एवढ्यानं माणूस जातं?

भावजी म्हणतात, जातं. तुमचा धाकटा भाऊ, माझा दीर, उभी हयात सरकारी दवाखान्यात हिवतापाची माणसं तपासण्यात घालवलेला डॉक्टर. पण तुमच्या पायापाशी बसले तेव्हा शाळेतल्या पोरासारखे बसले. म्हणाले, "वैनी, पानथरी फुटली." पानथरी म्हणजे पोटात डाव्या बरगडीखाली असते ती. हिवताप वर्षानुवर्षं मुरला की ती फुगते आणि अशी नाजूक होते की साधा धक्का सोसत नाही. त्यांनी तुम्हाला बजावलं होतं, पोटाला मार लागू देऊ नको. तुम्ही म्हणाला होता, "मला कोण मारतंय आता? नवऱ्यानं मारायचं वय गेलं."

ज्या तापानं हलवून हलवून मारलं नाही, त्यानं जाऊन इतकी वर्षं झाल्यावर मारलं. मला हे अजून समजलेलं नाही. भावजींनी कागदावर पोट काढून दाखवलं, तरी समजलेलं नाही.

मी निपाणीहून ह्या बेळगावच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही माहेरी परत येऊन वर्ष झालेलं. बाजेवर घोंगड्यांचा ढीग आणि त्यातनं दोन डोळे, ही तुमची पहिली ओळख. तुमचं सासर खानापूरच्या पलीकडं रानात. तिथल्या लोकांनी तुम्हाला बैलगाडीनं आणून सोडलं आणि सांगितलं, "पोरीला हितलं पाणी सोसत न्हाय. ताप गेला की न्यायला येतो." हातातली अंगठी मात्र जाताना उतरवून घेतली, ताप आलेल्या बोटातनं पडेल म्हणून.

ताप गेला की. त्या शब्दावर तुम्ही किती दिवस बसून होता हे मला तेव्हा कळण्यासारखं नव्हतं. मी चार इयत्ता शिकलेली, तंबाखूच्या वखारीशेजारी वाढलेली, आणि जगातलं सगळं मला ठाऊक होतं. आल्या आल्या मी उपाय सांगितला: आमच्याकडं तपकीर ओढली की ताप शिंकेतनं जातो. तुम्ही बिचाऱ्यांनी ओढली. शिंकून शिंकून बाज मोडायची वेळ आली आणि त्यात हुडहुडी. सासूबाई आत आल्या तर बाजेसकट तुम्ही हलताय आणि नवी सून डबी घेऊन उभी, "अजून एक चिमूट वन्सं, निघत आलाय!"

तुमचा ताप पाळीचा. एक दिवस यायचा, एक दिवस दांडी, पुन्हा यायचा. आमच्यात हिवताप म्हणायचं, दूधवाली बसव्वा कन्नडात चळी ज्वर म्हणायची. बाज दोन्ही भाषांत सारखीच हलायची. मग तापाला चकवायचा घरचा रिवाज निघाला. पाळीच्या दिवशी तापकऱ्यानं जागा बदलायची, त्याचं लुगडं दुसरीनं नेसून त्याच्या अंथरुणात पडायचं, आणि दिवसभर त्याच्या नावानं हाक मारायची नाही. ताप येतो, वेगळंच माणूस बघतो, फसून परत जातो. तुमच्या जागी झोपायला मी उड्या मारत तयार. काम चुकतं म्हटल्यावर मी यमाच्या रेड्यावरसुद्धा झोपले असते. तुम्ही गोठ्यात कडब्यामागं लपलात. मी तुमचं लुगडं नेसून बाजेवर कण्हत पडले. इतकं छान कण्हत होते की बसव्वानं दूध ठेवता ठेवता माझ्याच पायाला हात लावला. आणि दुपारी गोठ्यातनं दातांचा आवाज. गाय दचकून दावं तोडायला बघत्येय आणि कडबा सगळा थरथरतोय.

"गावले मी त्याला," तुम्ही बाहेर येऊन म्हणालात. "तुझ्या अंगाला तंबाखूचा वास येतोय गं. कळणार न्हाय व्हय त्याला?"

आणि ती दुसरी गंमत. ती लिहू का? लिहिते, तुम्ही असता तर तुम्हीच सांगितली असती, आणि दर वेळी थोडी वाढवून. पोस्टात तिकिटांशेजारी हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या मिळायच्या. सासूबाई म्हणायच्या कोयनेल उष्ण. शेवटी मामंजींनी आणल्या. तुम्ही त्या कडू जहर पुड्या गुळात घालून गिळल्या, कानात भुंगे वाजायला लागले, आणि तापाचा दिवस आला तसा कोरडा गेला. मी सकाळपासनं तुमच्या कपाळाला हात लावून बसलेली. संध्याकाळ होईतो अंग गार. मला इतका आनंद झाला की मी ओसरीवर धावत गेले. तिथं गल्लीतल्या सगळ्या बायका तांदूळ निवडत बसलेल्या. मी ओरडले, "सासूबाई! वन्संची पाळी चुकली!"

सूप पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. माहेरी वर्षभर राहिलेली लेक, नवरा रानात, आणि नवी सून पेढे वाटायच्या आवाजात सांगत्येय पाळी चुकली. सासूबाईंचं तोंड पांढरं, बायकांच्या माना खाली आणि कान वर. आतनं तुम्ही घोंगडं गुंडाळून बाहेर आलात आणि म्हणालात, "तापाची गं बाई, तापाची!" मग एकदम सगळ्या फुटल्या. सासूबाई हसता हसता रडल्या. मला मात्र त्या दिवशी कुणी समजावून सांगितलं नाही की काय झालं, मी आपली विचारत फिरत्येय, "चांगलंच झालं न्हवं?"

चांगलंच झालं होतं. तुमच्या आईनं सासरी निरोप धाडला, ताप गेला. पण गाडी यायच्या आत ताप परत आला. पुन्हा कोयनेल, पुन्हा बरं, पुन्हा निरोप, पुन्हा ताप. मग निरोपच तिकडनं आला. त्यांनी दुसरी करून घेतली होती.

तुम्ही त्या दिवशी जेवलात. मी बघत होते म्हणून सांगते. नीट जेवलात, ताट धुतलंत, आणि मला म्हणालात, "चंद्रे, आता हा ताप जाईतो मी काय मरत न्हाय बघ."

भावजी डॉक्टर होऊन आले तेव्हा त्यांनी सूक्ष्मदर्शक आणला. तुमचं बोट टोचून काचेवर थेंब पसरला, त्याला रंग चढवला आणि आधी मला बघायला बोलावलं. मी डोळा लावला आणि किंचाळले, "बाई गं, केवढा केसाळ जंत!" भावजी शांतपणे म्हणाले, "वैनी, ती तुमची पापणी."

मग तुम्ही बघितलंत. बराच वेळ बघितलंत. रक्ताच्या गुलाबी चकत्या, आणि मधनंच एखाद्या चकतीत बारीक निळी अंगठी, वर लाल खडा.

"आक्का, तो हिवतापाचा जंतू," भावजी म्हणाले. "ती अंगठी वाढते, चकती खाऊन फुगते, तिचे तुकडे पडतात. मग सगळ्या भरलेल्या चकत्या एकदम फुटतात. त्या घटकेला तुला हुडहुडी. पिल्लं नव्या चकत्यांत शिरतात, मधला दिवस गप्प वाढतात, आणि पुन्हा फुटतात. ही तुझी पाळी."

तुम्ही डोळा न काढता म्हणालात, "त्यांनी एक अंगठी काढून घेतली. ह्यानं बघ किती घातल्यात."

भावजी रंगाच्या बाटलीला बूच लावू लागले. तुम्हीच विचारलंत, "मग डासाचं काय?"

ते सांगू लागले. थोड्या अंगठ्या फुटत नाहीत, त्यांचे नर आणि माद्या होतात आणि नुसत्या रक्तात फिरत राहतात. डासानं चावून रक्त ओढलं की त्याच्या पोटात त्यांचं मीलन होतं, पोटाच्या भिंतीला फोड धरतात, फोडातनं पिल्लं निघून डासाच्या लाळेत येतात आणि पुढच्या माणसात उतरतात.

"म्हंजे वऱ्हाड माझ्या अंगात, आणि लगीन डासाच्या पोटात?"

"व्हय. आणि चावतो तो डास न्हाय, डासाची मादी."

"असू दे, असू दे," तुम्ही म्हणालात. "शेवटी बाईवरच आलं."

पाण्याचं काय, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंत. भावजी म्हणाले, पाणी पिऊन हिवताप होत नाही, साचलेल्या पाण्यात डास होतात एवढंच. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. ते "बरं" मला आता ऐकू येतंय. तेव्हा मी पापणीच्या लाजेत होते.

आणि मग आपलं ते भांडण, जे तुम्ही अर्धवट टाकून गेलात. डास चावल्यावर बरेच दिवस रक्तात काहीच दिसत नाही. आणि ताप गेल्यावर महिने महिने रक्त स्वच्छ, तरी तो परत उगवतो. मधल्या काळात तो असतो कुठं? भावजी म्हणाले, अजून कुणाला सापडलेलं नाही. कुणी म्हणतं पानथरीत, कुणी म्हणतं हाडांत.

तुम्ही म्हणालात, "काळजात."

"कुठल्या काळजात आक्का? बकऱ्याचं कापतात त्या, का नाटकात फुटतं त्या?"

"दोन्ही एकच. पुढच्या खेपेला मटण आणशील तवा बघ."

मी भावजींच्या बाजूची. शिकलेल्या माणसाच्या बाजूला राहिलं की शहाणं दिसतं, एवढाच माझा अभ्यास. दर वेळी ताप उलटला की घोंगडीतनं तुमचा आवाज यायचा, "उघडलं बघ काळीज!" आणि मी बाहेरून ओरडायची, "पानथरी!" बसव्वाला वाटायचं आम्ही देवाची नावं घेतोय.

आता पानथरी फुटली, म्हणजे मी जिंकले का वन्सं? जिंकायचं नव्हतं मला. तुम्ही उठा आणि काळीज म्हणा. मी मान्य करते.

किती औषधं झाली तुमच्यावर. कोयनेल, झाडाच्या सालीची. ती अंगठ्या मारते, ताप उतरवते, पण लपलेल्याला हात लावत नाही. मग भावजींनी परदेशी नवी गोळी आणली, प्लाझ्मोक्विन. म्हणाले, ही त्या नवरा-नवरीला मारते, म्हणजे डासाच्या पोटात लग्न लागत नाही. तुम्ही विचारलंत, "मी प्यायची आणि डास बरा व्हायचा?" पोटात मुरडा आला, ओठ निळे पडले, भावजी घाबरून डोस खाली आणायचे. पण कोयनेलीबरोबर ती थोडी थोडी दिल्यावर ताप उलटायचा कमी झाला. का, ते त्यांनाही सांगता येईना. मग दुसरं महायुद्ध. कोयनेलीची झाडं जावा बेटावर, ते जपान्यांनी घेतलं, आणि पोस्टात पुड्या दिसेनाशा झाल्या. त्याच सुमाराला ताप एकदा शेवटचा उलटला. मग मेपाक्रिनच्या पिवळ्या गोळ्या. त्या घेतल्या आणि तुम्ही डोळ्यांपासनं तळव्यांपर्यंत पिवळ्याजर्द झालात. बसव्वानं दारात चरवी ठेवली आणि विचारलं, "यार मदुवे?" म्हणजे लग्न कुणाचं?

तुम्ही म्हणालात, "माझं. हळद लागली, सासरी निघाले."

सगळे हसलो. त्यानंतर ताप आला नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, मग मोजणंही सुटलं. आम्ही बोलत नव्हतो, दृष्ट लागेल म्हणून. रंग उतरला, ताप नाही. आणि मग सासरहून निरोप आला. ते गेले. जित्या माणसाला न्यायला जी गाडी कधी आली नाही, ती मेलेल्या माणसाचं सांगायला आली. तुम्ही कुंकू पुसलंत. माझं आधीच पुसलेलं, आपण दोघी सारख्या कपाळाच्या झालो. मी म्हटलं, जाऊ दे वन्सं. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे कसं? आता ताप गेलाय. सांगून यायला पाहिजे. दारात जाते, ताप गेला म्हणते, तांब्याभर पाणी पिते आणि येते माघारी. राहायचं न्हाय मला."

त्यासाठीच तुम्ही त्या सकाळी न्हालात. गुरुवारी येते म्हणून बाजारच्या माणसाबरोबर निरोपही गेला होता.

वन्सं, तुम्ही गेल्याचं मी तिकडं कळवलं नाही. त्यांना तुमचं सुतक लागतं हे मला समजतं, भावजींनीही डोळे वटारले. मी निरोप धाडला, तुळसाक्काचं येणं थोडं पुढं गेलंय. खोटं कुठं आहे त्यात?

तेरावं झालं आणि परवा मी तुमचं निळं लुगडं नेसले. भावजी बरोबर आले. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "वैनी, आक्काचं लुगडं कशाला?" मी म्हटलं, "थंडी वाजत्या." मग त्यांनी उठून खिडकी लावली. खानापूर आलं. स्टेशनातनं बैलगाडी. वाटेभर मी ठरवत होते की मी दारात काय बोलणार, आणि त्या घराला चार शब्द कसे सुनावणार. सुनावण्यात मी हुशार, तुम्ही जाणताच.

घर लहान आहे वन्सं. मला वाटलं होतं मोठं असेल. पुढं भाताचं खाचर, त्यात पाणी साचलेलं. भावजी त्याच्यापाशीच थांबले, वाकून डासांच्या अळ्या बघायला. दार उघडं होतं. आत बाजेवर घोंगड्यांचा ढीग आणि त्यातनं दोन डोळे.

मी उंबऱ्याबाहेरच थिजले. ढीग हलत होता. दातांचा आवाज येत होता. तुमची सवत, वन्सं. त्या दिवशी तिची पाळी होती.

"कोण?"

माझे चारही शब्द गेले. म्हटलं, "बेळगावची."

"थोरल्या आक्का? तुमीच काय?" तिनं तुम्हाला कधी बघितलेलं नाही. तिनं ते निळं लुगडं बघितलं आणि पांढरे केस बघितले. "त्या गुरुवारी वाट बघितली की तुमची. भाकऱ्या करून ठेवलेल्या."

मी नाही म्हणणार होते. तुमची शपथ, नाहीच म्हणणार होते.

"व्हय," म्हटलं.

"ताप गेला तुमचा?"

"गेला."

"खरं?"

"गेला. परत यायचा न्हाय."

ती घोंगड्यातनं हात काढायला बघत होती, तो थंडीनं पुन्हा आत ओढला जात होता. "मग भाईर का हुब्या? घर तुमचंबी हाय. या की आत."

वन्सं, हे वाक्य इतकं सोपं होतं. इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी उजवा पाय आत टाकला. तिच्याजवळ बसले, तिची हुडहुडी ओसरेतो अंगावर रेलून दाबून धरलं, तुम्हाला धरायची तसं. मग भावजींना हाक मारली. त्यांनी बोट टोचून काचेवर थेंब घेतला, डाव्या बरगडीखाली हात घातला आणि माझ्याकडं बघितलं. तिचीही पानथरी फुगलेली. लढाईनंतर निघालेली नवी पांढरी गोळी त्यांच्या पेटीत होती. कशी घ्यायची ते त्यांनी तिला समजावलं, आणि पोटाला मार लागू देऊ नका म्हणून बजावलं. ती म्हणाली, "गोळ्या घेतो की. आक्काचा गेला तर माझाबी जाईल." आणि माझ्याकडं बघून हसली. दात तुमच्यासारखेच पडलेत.

मी कोण ते तिला सांगायचं आहे. भावजी पुन्हा तपासायला जाणार आहेत, तेव्हा मीही जाईन आणि सांगेन. परवा माझ्यानं झालं नाही.

निघताना तिनं विचारलं, "काय घेनार आक्का? च्या तर मला करवत न्हाय."

म्हटलं, "पाणी."

कोपऱ्यातल्या घागरीतनं मी तांब्या भरून घेतला आणि उभ्यानं तोंडाला लावला. सगळा प्याले. एक घोट ठेवला नाही.

गोड होतं, वन्सं. पाण्याचा काही दोष नव्हता.